उसनं रहस्य

माणसाने आयुष्यात एकदा तरी रहस्यकथा लिहावी, असं माझं पूर्वी मत होतं. ती लिहिण्यापूर्वी आजूबाजूच्या माणसांना विचारून घ्यावं, असं आता झालं आहे. मधल्या काळात काय घडलं त्याची ही कैफियत.

आमचं गाव नशिराबाद. जळगावहून भुसावळला जाताना बस सुरू झाली, तिकीट काढलं आणि जरा डोळा लागला, की जे गाव हुकतं ते. इथे मी बी. कॉम.च्या बळावर बँकेत कारकून आहे आणि वीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. अशा माणसाच्या मनात गुन्ह्याचे विचार आले नाहीत तरच नवल.

मूळ दोष मामाच्या माळ्याचा. तिथे बाबुराव अर्नाळकरांची जुनी पुस्तकं पडलेली असत. झुंझार, काळा पहाड, धनंजय ही मंडळी मला सख्ख्या काकांपेक्षा जवळची होती. अर्नाळकर १९०६ साली जन्मले, १९९६ साली गेले आणि मध्ये त्यांनी हजारावर पुस्तकं लिहिली. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. म्हणजे या गृहस्थांनी रहस्याची सुरुवात मुखपृष्ठापासूनच केली होती! फक्त मामाच्या माळ्यावर उंदीर फार. त्यांना नेमकी शेवटची पानं आवडत. त्यामुळे खुनी कोण, हे मला कधीच कळलं नाही. ते आपल्या मनानेच ठरवायची खोड तेव्हापासून लागली.

चाळिशी उलटल्यावर मी एका जुन्या लेजरच्या कोऱ्या पानावर आगामी साहित्याची यादी केली. एक, ‘वाघूरच्या पुलाखालचं प्रेत’. दोन, ‘केळीच्या बागेतला खून’. तीन, ‘दर दोन तारखेचा माणूस’. प्रेत वाहून जाण्याइतकं पाणी नदीला कोणत्या महिन्यात असतं यावर एकमत होईना, म्हणून पहिली कथा बारगळली. दुसरीसाठी विष हवं होतं. अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधविभागात काम केलं होतं, म्हणून १९२० च्या तिच्या पहिल्याच कादंबरीत विषाचा प्रयोग चोख उतरला. आपणही अभ्यास करावा म्हणून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो आणि विचारलं, “चव लागणार नाही असं विष कोणतं हो?”

त्याने मला गॅसची गोळी दिली आणि पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी घरी आलो तर ओट्यावर शेजारच्या चार बायका, आत सौ. पदर डोळ्यांना लावून. विष मी स्वतःसाठी मागितलं की तिच्यासाठी, यावर बायकांत दोन तट होते. पुढे तीन दिवस घरातला चहा आधी मी प्यायचा आणि पाच मिनिटांनी तिने, अशी पद्धत पडली. दुसरी कथाही बारगळली.

तिसरीसाठी मात्र कुठे जावंच लागलं नाही. स्फूर्ती स्वतःच्या पायांनी काउंटरवर येत होती. आमच्याकडे एक नाना येतात. दर महिन्याच्या दोन तारखेला रुमालात बांधलेल्या नोटा काढतात आणि परगावच्या एका खात्यात भरतात. तेवढ्यात त्यांचा मुलगा बँकेत शिरला, तर नाना बाहेर जाऊन कर्जमेळाव्याची पाटी वाचत उभे राहतात. मी तीन रात्री जागून कथा लिहिली. नानांनी तरुणपणी खून केला, साक्षीदार त्यांच्याकडून दरमहा पैसे उकळतो, वगैरे. मोठ्या ऐटीत सौ.ला वाचून दाखवली. दुसऱ्याच परिच्छेदात ती म्हणाली, “हे आपले नाना ना?”

“छे! नाव बदललंय. धोतराचा पायजमा केलाय.”

“रुमाल तोच आहे,” ती म्हणाली आणि चहा गाळायला गेली.

त्या रुमालाने माझी झोप उडवली. नोकरीला लागताना मी गोपनीयतेच्या घोषणापत्रावर सही केली होती. नानांची शिल्लक मी कुणाला सांगितली नव्हती, मग कसला गुन्हा? शिवाय उसनवारी कोणी केली नाही? हरिभाऊ आपट्यांनी १८८५ साली ‘मधली स्थिती’ लिहिली ती रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधाराने. नारायण धारपांच्या ‘लुचाई’त वाचकांना स्टीफन किंग दिसतो, आणि २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटामागे पुन्हा धारप उभे आहेत. म्हणजे माल एकाचा, गहाण दुसऱ्याकडे आणि सोडवणार तिसरा. कॉनन डॉइलने तर शेरलॉक होम्स आपल्या जोसेफ बेल नावाच्या गुरुजींवरून उभा केला.

पण हिशेब नीट मांडला तेव्हा फरक दिसला. डॉइलने १८९२ साली होम्सच्या कथांचं पुस्तक गुरुजींनाच अर्पण केलं, म्हणजे कर्ज उघड वहीत मांडलं. आणि पुस्तकाचा मालक माल घेऊन बाजारात बसलेलाच असतो. नाना बसले नव्हते. ते माझ्याकडे पैसे ठेवायला आले आणि मी नानांनाच उचलून आणलं. त्याहून वाईट म्हणजे, जिथे मला ठाऊक नव्हतं तिथे मी खून भरला. उंदरांनी खाल्लेल्या पानावर आपण दुसऱ्याचं वाईटच का लिहितो? चांगलं सुचायला कष्ट पडतात, वाईट आयतं मिळतं. खरं म्हणजे एवढं एकच संशोधन माझ्या नावावर आहे.

शेवटी मी पारावर जाऊन कबूल झालो. “नाना, तुमच्यावर गोष्ट लिहिलीय. तुम्ही खून केलाय.”

नाना खोकला येईपर्यंत हसले. मग एकदम गप्प झाले. “पैशे कोनाले जातात ते लिहिलं का?”

“मला माहीतच नाही.”

“मंग लिही. पन मले चोर नको करू.”

“नाना, रहस्यकथेला चोर तर लागतो.”

“तू आहे ना, भो!”

मी कथा पुन्हा लिहिली. तीत चोर बँकेचा कारकून आहे आणि तो पैसे सोडून बाकी सगळं चोरतो. संपादकांनी ती साभार परत केली. पैसे कोणाला जातात हे शेवटपर्यंत कळत नाही, अशी त्यांची तक्रार. बरोबरच आहे. ते मलाही कळलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. आणि वाचकहो, तुम्हीही शोधायला येऊ नका. तारीख दोन नाही, रुमाल रुमाल नाही आणि नाना म्हणावेत असे आमच्या शाखेत सातआठ जण आहेत.

मागच्या महिन्यात नानांचा मुलगा काउंटरवर वाकला आणि हळूच म्हणाला, “काय भाऊ, आमचे बाबा दर महिन्याला इथे कशाला येतात?”

मी चष्मा पुसला, त्याची स्लिप उलटसुलट करून पाहिली आणि म्हणालो, “इथे सही राहिलीय तुमची.”

तो सही करून गेला. रहस्यकथा मला जमली ती एवढी एकच.