पिठाच्या डब्यातल्या गोळ्या

सांगलीकडच्या एका गावात पिठाची गिरणी चालवणारं एक कुटुंब होतं. धाकट्या मुलाला बाराव्या वर्षी पहिली फिट आली. आधी देवर्षी झाला, अंगारा झाला, दंडात ताईत बांधून झाला. मग कुणा जाणत्याने मिरजेची वाट दाखवली आणि गोळ्या सुरू झाल्या. रोज रात्री जेवण झालं की एक. मुलगा चोवीस वर्षांचा झाला तेव्हा सलग दीड वर्ष त्याला फिट आलेली नव्हती.

त्याच वर्षी मोठ्याचं लग्न निघालं. धाकट्यासाठी सांगून आलेलं स्थळही लग्नाला मुक्कामी येणार होतं. आईने गोळ्यांची पाकिटं पिठाच्या डब्यात खोल खुपसली. म्हणाली, "पाव्हणं हाईत तवर ऱ्हाऊ दे. चार दिसांनी काय हुतंय?"

मुलाने वाद घातला नाही. बरं वाटत असताना औषध घेत राहणं, यासारखं अवघड पथ्य नाही.

हळद, लग्न, वरात. तीन रात्री गोळी नाही आणि धड झोपही नाही. चौथ्या रात्री जागरण-गोंधळ. पहाटे संबळ रंगात आलं असताना तो उभ्याचा आडवा झाला. अंग ताठ, डोळे पांढरे, मग झटके.

"देव आला!" कुणीतरी ओरडलं. येळकोटाचा गजर चढला, भंडारा उधळला गेला. एका म्हातारीने त्याच्या पायांवर डोकं ठेवून सुनेच्या कुशीचं गाऱ्हाणंही घातलं. हा देव नव्हे, हे आईला पुरतं ठाऊक होतं. पण लोकांनी नाकं मुरडण्यापेक्षा हात जोडलेले तिला परवडत होते. ती गप्प राहिली.

पाहुण्यांची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने गर्दी मागे हटवली, त्याच्या डोक्याखाली उपरणं सरकवलं, त्याला कुशीवर वळवलं आणि घड्याळ पाहिलं. चमचा घेऊन धावत आलेल्या काकांना तिने अडवलं, "तोंडात काही घालायचं नाही." कांदा आणि चप्पलही तिने परत पाठवली. दोन मिनिटांत झटके थांबले. ओठांच्या कोपऱ्यात रक्त दिसत होतं. जीभ चावली गेली होती.

"मावशी, यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"कसल्या गोळ्या? आमच्या पोराला काय बी न्हाई."

तो शुद्धीवर येण्याआधीच दुसरी फिट सुरू झाली. मुलीचा आवाज चढला, "१०८ला फोन लावा! मधे शुद्ध न येता दुसरी फिट आली किंवा एकच फिट पाच मिनिटांच्या वर गेली, तर जिवावर बेततं."

आई उठली. कोपरापर्यंत पिठाने माखलेल्या हाताने तिने सगळ्या पाहुण्यांदेखत पाकिटं त्या मुलीच्या हातात दिली.

दवाखान्यात तो सावरल्यावर मोठ्या भावाने विचारलं, "मांडवाच्या रोषणाईनं झालं का, डॉक्टर?"

"लुकलुकत्या उजेडाने फिट येणारे रुग्ण थोडेच असतात. तुमच्याकडचं कारण पिठात होतं," डॉक्टर म्हणाले. "गोळी म्हणजे वेसण. काढल्यावर बैल लगेच उधळत नाही, आणि माणूस तिथेच फसतो. मग जागरण, ताप, दारू, कधी उपाशी पोट त्याला डिवचतं. गोळ्या नीट घेतल्या तर दहातल्या सातांच्या फिट थांबू शकतात. बंद कधी करायच्या ते आम्ही ठरवतो. निदान दोन वर्षं फिट नसावी लागते, आणि तेव्हाही हळूहळूच कमी करतो."

आईने पदराने हात पुसत विचारलं, "आन् ह्याचं लगीन?"

"मिरगी लग्नाच्या आड यायची, ते कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकलंय. फसवणुकीचं कलम मात्र अजून आहे."

स्थळ परत गेलं. मुलीने वडिलांना सांगितलं, "फिट मी सांभाळली असती. पोरगं जमिनीवर तडफडत असताना खोटं बोलणारं घर मला सांभाळता येणार नाही."

दोन वर्षांची मोजणी डॉक्टरांनी त्या पहाटेपासून पुन्हा सुरू केली.