कुठल्या भरतीचं मीठ

न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली झालं, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. तेव्हा खाडीकाठाला मिठागरं होती. तिथल्या एका आगऱ्याची लेक पनवेलच्या एका बेने इस्रायली ज्यू आजोबांकडे गेली.

"आजोबा, मला तुमच्या धर्मात यायचंय."

"लग्न ठरलंय का इकडे कुणाशी?"

"नाही. तुमचा शनिवार लहानपणापासून बघत्येय. मला तसं जगायचंय."

"मग आहेस तिथेच चांगली जग. भल्या माणसाला नोआचे ७ नियम पुरतात. आमच्यात आलीस तर ६१३ आज्ञा."

ती पुन्हा आली. आजोबा म्हणाले, "खवले आणि पर नसलेलं आम्ही खात नाही. चिंबोरी, कोलंबी, कालवं, सगळं बंद. न्हाव्याच्या पोरीला जमेल?" ती गेली. तिसऱ्यांदाही परतवलं. चौथ्यांदा आली तेव्हा त्यांनी दार उघडून तिला आत बसवलं. ही तीनदा परत पाठवायची रीत मला कठोर वाटत नाही. आयुष्यभराचं ओझं कुणी भरीला पडून उचलू नये, एवढीच त्यात काळजी आहे.

दोन वर्षं ती शिकली. तीन जाणत्यांच्या न्यायसभेने तिची पारख केली. विधीची डुबकी घेऊन ती बाहेर आली ती अब्राहामची लेक होऊन.

पुढे शावुओथचा सण आला. पनवेलच्या १८४९ सालच्या बेथ एल सिनेगॉगमध्ये रूथची कथा वाचली गेली. मवाबातली ही परकी सून दावीद राजाची पणजी. वाचन संपलं, मंडळी जेवायला बसली. मुलीच्या बापाने सणासाठी नव्या हंगामाचं मीठ पाठवलं होतं. एक बाई तिला ऐकू जाईल अशी म्हणाली, "काही झालं तरी आईबाप मिठागरावरचे. रक्त थोडंच बदलतं?"

आजोबांनी चिमूटभर मीठ त्या बाईच्या ताटात ठेवलं.

"हे कुठल्या भरतीचं?"

"ते आता कसं कळणार?"

"उघाडीतून पाणी आत घेतात. या खणातून त्या खणात फिरवतात, उन्हात आटवतात. तोवर ते पाणीच, कधीही खाडीत सोडून द्यावं. पण मीठ झाल्यावर त्याला खाडी विचारतेस?"

बाई गप्प.

"परक्याला दुखवू नका, हे तोराने ३६ ठिकाणी बजावलंय, असं जुने धर्मगुरू सांगतात. आणि तू तरी कसं विसरलीस? १९६२ साली इस्रायलमध्ये लग्नाआधी आपल्या लोकांच्या आज्या-पणज्या तपासायचं फर्मान निघालं. तुझ्या भावाची पत्रं मीच वाचून दाखवायचो. १९६४ साली तिथल्या संसदेने ठराव केला, बेने इस्रायल सगळ्यांच्या बरोबरीचे. तुझी आई मात्र त्यानंतरही रडत होती."

बाईने भाकरीचा तुकडा मोडला, मिठाला लावला. मग अर्धा मुलीपुढे धरला आणि खालच्या आवाजात विचारलं,

"तुझी आई कशी आहे गं?"