जुन्या रथाचे मोल

किंमत बाजार ठरवितो. मोल मात्र ज्याचे त्याला ठरवावे लागते. तांदूळ किंवा छत्री घेताना या दोहोंत फारसे अंतर पडत नाही, म्हणून हा भेद आपल्या ध्यानातही येत नाही. परंतु वीस-पंचवीस वर्षांची एखादी स्पोर्ट्‌स मोटार विकाऊ आहे आणि तिची किंमत आपल्या आवाक्यातली आहे असे कळले, की तो एकाएकी डोळ्यांपुढे उभा राहतो.

उदाहरणादाखल गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ घ्या. दोनच आसने, काढता येणारे छत, फायबरग्लासची काया आणि ११४९ सीसीचे रेनो इंजिन. तिच्यात वेगापेक्षा वेगाचा डौलच अधिक. तिचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. अशी मोटार माझ्यासारख्या कारकुनाने घ्यावी काय?

हिशेबाचे उत्तर सोपे आहे. फायबरग्लास गंजत नाही हे खरे. परंतु त्याखालचे पोलाद गंजते, आणि वरची तुकतुकीत काया ते झाकून ठेवते. ‘फारच कमी धावली आहे’ ही विक्रेत्याची ग्वाहीही अर्धीच खरी मानावी. उभ्या मोटारीचेही रबर कडक होते, ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, टाकीतले पेट्रोल नासते. सुटा भाग बाजारात मिळाला नाही, तर कारागिराकडून घडवून घ्यावा लागतो. पंधरा वर्षे उलटल्यावर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नोंदणीचे नूतनीकरण आलेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण अशा व्यवहारांसाठीच जन्मली असावी.

परंतु हिशेब हा निर्णयाचा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. घरातल्या तंबोऱ्याचा दर तासाचा खर्च कोणी काढीत नाही. लग्नकार्यातील खर्चाला आपण रीत म्हणतो आणि एकट्याच्या आनंदासाठी केलेल्या खर्चाला उधळपट्टी. हा न्याय तपासून पाहण्याजोगा आहे. हौसेला मोल नाही असे आपले लोक म्हणतात. म्हणूनच खरा प्रश्न खर्च किती हा नसून, ही हौस खरोखर कशाची आहे, हा आहे.

येथे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील नागसेनाची आठवण होते. रथातून आलेल्या मिलिंद राजाला तो विचारतो, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? दांडी, सांगाडा? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावे लागते. अखेर ‘रथ’ ही या सर्व अवयवांच्या आधाराने दिलेली एक संज्ञा आहे, एवढेच उरते. जुन्या मोटारीपुढे उभे राहून हेच प्रश्न स्वतःला विचारावेत. इंजिन हवे आहे काय? त्याहून चांगले इंजिन साध्या नव्या मोटारीत मिळते. आसने? दोन आसनांत चौघांचे कुटुंब मावत नाही. मग उरते ती संज्ञा, आणि ती संज्ञा ऐकून शेजाऱ्यांच्या मुद्रेवर उमटणारा भाव. यासाठी एक कसोटी सुचवावीशी वाटते: ही मोटार कोणीही कधीच पाहणार नाही असे ठरले, तरी ती हवीशी वाटेल काय? पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर वाऱ्याला तोंड देत जाण्यातच ज्याचा आनंद आहे, त्याची हौस अस्सल. इतरांनी ती मोटार नव्हे, तिचा आरसा विकत घ्यायला काढला आहे.

दुसरी कसोटी इतरांची. राजधानी परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारी चालविण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मनाई केली. तिच्या अंमलबजावणीविषयी २०२५ मध्ये नवे आदेशही निघाले. अशा बंदीमुळे जुनी वाहने ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य प्रांतांत जातात आणि तेथे स्वस्तात मिळतात. परंतु दिल्लीच्या हवेला जी नको, ती भोपाळच्या किंवा हैदराबादच्या हवेला चालेल, हे कोणी ठरविले? नियम पुढेमागे सरकतात. फुप्फुसांना प्रांतांच्या सीमा ठाऊक नसतात. याला प्रतिवाद आहे आणि तो पोकळ नाही: वर्षाकाठी चारदोनशे किलोमीटर फिरणारी जुनी मोटार रोज धावणाऱ्या नव्या मोटारीहून एकंदरीत कमी धूर सोडू शकेल. परंतु मग तेवढीच फिरविण्याचा संयम हा किमतीचाच भाग समजला पाहिजे.

तिसरी कसोटी आपल्यासारख्या बदलीच्या माणसांची. १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतल्यास ते महिन्याच्या आत कळवावे लागते. सवयीच्या कर्जबाजारीपणापासून दूर राहण्याचेही बंधन आहे. पैसा कोठून आणला हे कार्यालय विचारते. ती वस्तू कोठवर सांभाळणार, हे मात्र आपले आपणच विचारायचे असते. नवी वस्तू आपली सेवा करते. जुनी वस्तू आपल्याकडून सेवा मागते. तिला विश्वासू कारागीर लागतो, छप्पर लागते आणि एका गावी टिकून राहणारा धनी लागतो. बदलीचा हुकूम आला, की आपण यांतले काहीच देऊ शकत नाही. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची तर नवा नोंदणी क्रमांकही घ्यावा लागतो.

म्हणून माझे उत्तर असे: ज्याची हौस एकांतातही टिकते, ज्याला त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही आणि जो तिला अखेरपर्यंत सांभाळू शकतो, त्याने ती खुशाल घ्यावी, लोकांच्या हसण्याची पर्वा करू नये. आपल्यापैकी बहुतेकांनी घेऊ नये, आणि नाही म्हणताना त्या हौसेलाच क्षुद्र ठरवू नये. जे सांभाळता येणार नाही ते न घेणे, हाही त्या वस्तूवरील प्रेमाचाच एक प्रकार आहे.