वर्गणीची वही

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोणी काळभोर हे गाव आहे. गावाच्या अंगाला मुळा-मुठा वाहते, शिवारातून कालवा जातो आणि त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या ऊस पिकत आला. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी पुणे सोडते आणि पुढचा मुक्काम इथेच करते. त्या रात्री दारोदारी वारकरी जेवतात. एका रात्रीच्या पाहुण्यांना हे गाव कधी कमी पडलं नाही. राहायला आलेल्यांची गोष्ट मात्र वेगळी होती.

गावाचं दैवत अंबरनाथ. त्याच्या यात्रेची वर्गणी गोळा करायचं काम आबांकडे होतं. आबांजवळ लाल कापडी बांधणीची एक जाडजूड वही होती. तिच्यात प्रत्येक घराचं नाव आणि नावापुढे चुलींचा आकडा होता. दोघे भाऊ वेगळे झाले की एका चुलीच्या दोन व्हायच्या. वर्गणी चुलीमागे असायची, गरिबाला आणि श्रीमंताला सारखीच. कुणाला जास्त द्यायची हौस असेल तर त्याने ते दानपेटीत टाकावं, वहीत नको, असा आबांचा दंडक होता.

तेव्हा उसाची चिंता नव्हती. अण्णासाहेब मगरांनी उभा केलेला यशवंत कारखाना शेजारीच थेऊरला होता. 2011 साली तो बंद पडला. लांबचे कारखाने आधी आपल्या सभासदांचा ऊस नेत. लोणीच्या उसाला तोड मिळेपर्यंत त्याला तुरे यायचे, वजन घटायचं आणि शेतकरी बांधावर बसून ते बघत राहायचा.

त्याच सुमाराला दौंड-हवेलीकडे उत्तर प्रदेशातली माणसं गुऱ्हाळं चालवायला येऊ लागली होती. लोणीतही एक कुटुंब आलं. मुजफ्फरनगरकडचा एक गुळव्या, त्याची बायको, धाकटा भाऊ आणि हाताखालचे गडी. गावाच्या कडेला एका शेतकऱ्याचं गुऱ्हाळ कित्येक वर्षं बंद होतं. काहील गंजली होती, चुलाणात कुत्री व्यायची. गुळव्याने ते भाड्याने घेतलं. काहील घासली, चरक बसवला, आणि दिवाळी झाल्यावर चुलाण पेटवलं.

पहिलं वर्ष गोड गेलं. उसाचं वजन झालं की पैसे हातावर पडत. लेकींची लग्नं अडली होती ती उरकली. गुळव्याला सगळे ‘भैया’ म्हणत, पण हसून म्हणत.

दुसऱ्या वर्षी गुऱ्हाळातून काळा धूर निघू लागला. वाळत घातलेल्या धोतरांवर काजळी बसायची. ज्वारीच्या कणसांवर काळी भुकटी धरायची. म्हाताऱ्या खोकायला लागल्या. धूर आला, तशा मग बाकीच्या गोष्टीही लोकांना दिसू लागल्या. हे लोक रात्रभर मोठ्याने गाणी लावतात. कुठेही थुंकतात. आणि काट्याचं काय? 1 टन उसाला 100 ते 120 किलो गूळ पडतो, मग आपल्या हातात इतकेच पैसे का येतात? पारावर रोज एक नवीन तक्रार यायची. गुऱ्हाळावर मात्र एकही पोचायची नाही.

गुऱ्हाळावरही तक्रारी साठत होत्या. नळावर त्यांच्या बायकांची घागर शेवटी लागायची. पोरं मोटारसायकलवर यायची, फुकट काकवी भरून घ्यायची आणि जाता जाता गड्यांना टोमणे मारायची. एकदा कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरीला गेली. सगळ्यांत आधी गुऱ्हाळावरच्या पत्र्याच्या खोल्या तपासल्या गेल्या. मोटार तिथे नव्हती. तपासायला आलेले निघून गेले. पालथी केलेली भांडी तशीच पडून राहिली.

यात्रा जवळ आली तशी देवळात सभा भरली. वर्गणीचा विषय बाजूला राहिला आणि धुराचा निघाला.

‘‘कुलूप लावा त्या गुऱ्हाळाला,’’ पोरं म्हणाली.

सगळ्यांत मोठा आवाज गुऱ्हाळाच्या मालकाचाच होता. ‘‘मी दहादा सांगून बघितलं,’’ तो म्हणाला. ‘‘बाहेरची माणसं ती, ऐकतच नाहीत. गावाचं वाटोळं करणार.’’

आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘त्यांचं काय म्हणणं आहे?’’

‘‘कुणाचं?’’

‘‘गुऱ्हाळवाल्यांचं.’’

‘‘त्यांना काय विचारायचं, आबा? ते कुठे गावचे?’’

आबांनी वहीची पानं चाळली. ‘‘बरोबर आहे. वहीत नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘मग गाव त्यांच्याकडून घेतं काय काय?’’

लोक आठवू लागले. जागेचं भाडं. दुकानातल्या किराण्याचे पैसे. ट्रॅक्टरच्या खेपा. टँकरचं पाणी.

‘‘आणि वर्गणी?’’

‘‘बाहेरच्यांची वर्गणी कशाला घ्यायची?’’

‘‘मग धुराचा जाब त्यांना कुठल्या नात्यानं विचारायचा?’’ आबा म्हणाले. कुणी बोललं नाही. आबांनी वही काखेत मारली. ‘‘उद्या मी जाऊन येतो. कुलूप परवा लावा.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गुऱ्हाळावर गेले. काहिलीत रस उकळत होता. भेंडीचं पाणी टाकल्यावर मळी वर आली होती आणि गुळव्या ती झाऱ्याने काढत होता. पाक होत आला की गुळव्याशी बोलू नये, हे आबांना माहीत होतं. ते बाजेवर बसून राहिले. गुळव्याने पाकाचा थेंब पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळून बघितली आणि गड्यांना हाक दिली. काहील उतरली. पाक वाफ्यात पसरला. मग त्याने हात पुसले, आबांच्या काखेतली वही बघितली आणि खिशात हात घातला.

वही घेऊन येणारी माणसं त्याला नवी नव्हती. प्रत्येक सणाला कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन यायचं आणि आकडा सांगायचं. तो देऊन टाकायचा. दिलं की माणसं जातात, एवढं तो शिकला होता.

‘‘कितना लिखूँ, ताऊ?’’

‘‘पैशाचं मग बघू. तुमच्या चुली किती?’’

गुळव्याने चुलाणाकडे बोट दाखवलं.

‘‘ही धंद्याची. खायची सांग.’’

‘‘एकच. सबका साथ में बनता है.’’

आबांनी त्याचं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, चूल एक. मग वर्गणी सांगितली. गुळव्याने 500 रुपयांची नोट दिली. आबांनी बंडीच्या खिशातून मोजून उरलेले पैसे परत केले आणि पावती फाडली.

गुळव्या हातातल्या सुट्या पैशांकडे बघत राहिला. वही घेऊन आलेल्या कुणीही त्याला आजवर सुटे परत दिले नव्हते.

‘‘हो गया?’’ त्याने विचारलं.

‘‘कुठलं? आता संध्याकाळी सभेला यायचं. गावाला तुझ्याशी भांडायचं आहे.’’

‘‘भांडायला बोलावता?’’

‘‘आजवर तुझ्या पाठीमागे भांडत होते. ते काही बरं नव्हे.’’

संध्याकाळी गुळव्या आला आणि चपलांपाशी उभा राहिला. आबांनी नावं वाचायला घेतली. घरामागून घर वाचत ते त्याच्या नावाशी आले. नाव घेतल्यावर प्रत्येक जण पुढे येऊन बसत होता. त्यालाही यावं लागलं. मग लोक बोलले. धुराबद्दल बोलले, काजळीबद्दल बोलले, गाण्यांबद्दल आणि काट्याबद्दलही बोलले. गुळव्याने मान खाली घालून ऐकलं.

‘‘धूर खरा आहे,’’ तो अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत म्हणाला. ‘‘आम्ही रबर जाळतो.’’

सभा गप्प झाली. तो इतक्या सरळ कबूल करेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

‘‘पहिल्या साली चिपाडच जाळत होतो,’’ तो म्हणाला. ‘‘चिपाड वाळायला दोन-तीन दिवस ऊन लागतं. ओलं पेटत नाही. तेव्हा वाळवायला अख्खं अंगण होतं. आता अर्ध्या अंगणात भंगाराचं गोदाम आहे. तिथेच रबर स्वस्तात मिळतं. शिवाय तुम्ही सगळे ऊस एकदम आणता. तोडलेला ऊस पडून राहिला तर उतारा घसरतो. म्हणून काहील रात्रंदिवस चालवावी लागते. चिपाड वाळणार कधी?’’

सगळ्यांच्या नजरा मालकाकडे वळल्या. अंगण दोनदा भाड्याने गेलं होतं, एकदा गुळव्याला आणि एकदा भंगारवाल्याला.

‘‘जागा माझी आहे,’’ मालक पुटपुटला.

मालकाची म्हातारी आई बायकांमध्ये बसली होती. ती म्हणाली, ‘‘जागा तुझी आहे रं बाबा. पण तुझं भाडं माझ्या छातीत साठतंय.’’

कुणी हसलं, कुणी हसू दाबलं. मालकाने मान फिरवली.

‘‘काटा उद्या येऊन तपासा,’’ गुळव्या म्हणाला. ‘‘आणि माझंही एक विचारायचं आहे. मोटार शोधायला आले होते त्यांना ती मिळाली का? घरवाली अजून विचारते.’’

मागे बसलेली दोन पोरं पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागली. आबांनी त्यांच्याकडे बघितलं. पोरं उठली आणि गुळव्यापुढे येऊन उभी राहिली. त्यांना शब्द सापडेनात. शेवटी एक जण म्हणाला, ‘‘नाही मिळाली. तुमच्याकडे यायला नको होतं.’’

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर ऊस आणायच्या पाळ्या लिहिल्या गेल्या. महिनाभरात भंगार हललं. मालकाने ते खुशीने हलवलं नाही, पण आईपुढे त्याचं चाललं नाही. अंगणात पुन्हा चिपाड पसरलं. धूर पांढरा झाला.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. काट्यावरून कुरबुरी होत राहिल्या. गाणी हळू झाली, बंद झाली नाहीत. एकदा पुन्हा काळा धूर दिसला, तेव्हा शेजारच्या शेतातली एक बाई तरातरा बांधावर गेली आणि तिथूनच ओरडली, ‘‘अहो भैया, वहीत नाव आहे ना तुमचं?’’ गुळव्याने रबर टाकणाऱ्या पोराला चुलाणापासून उठवलं. यात्रेत त्याचा भाऊ कुस्तीच्या आखाड्यात उतरला आणि गावच्या पोराकडून चितपट झाला. त्या दिवशी तो गावाला फार आवडला.

वर्षं गेली. गाव वाढत राहिलं. राज कपूर यांच्या राजबागेत विद्यापीठ उभं राहिलं होतं, तिथे देशभरातून पोरं शिकायला येत. लोणी स्टेशनजवळच्या तेलडेपोंवर टँकरांची रांग आणि त्यांच्याबरोबर नाना मुलखांचे ड्रायव्हर. घरोघर भाड्याच्या खोल्या निघाल्या. वहीत पानं जोडावी लागली.

मग एका हिवाळ्यात ओढ्यापलीकडे दुसरं गुऱ्हाळ सुरू झालं. माणसं बिहारकडची होती. आठवड्याभरात तिकडून काळा धूर येऊ लागला.

गुळव्या तडक आबांकडे आला. आबा आता थकले होते, ओट्यावर ऊन खात बसले होते.

‘‘आबा, काहीतरी करा,’’ तो चांगल्या मराठीत म्हणाला. ‘‘ही बाहेरची माणसं गावाचं वाटोळं करतील. मी दहादा सांगितलं, ऐकतच नाहीत.’’

आबा त्याच्याकडे बघत राहिले. मग हसू लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. गुळव्याला आधी काही कळेना. मग कळलं आणि तोही ओशाळून हसला.

आबांनी आत हाक मारून वही मागवली आणि त्याच्या हातात दिली.

‘‘जा,’’ ते म्हणाले. ‘‘चुली किती ते विचारून ये. आणि सुटे पैसे बरोबर ने.’’

आपल्या गावात कुणी राहायला आलं की त्याच्याकडून भाडं घ्यायला आपल्याला अडचण वाटत नाही. त्याचा घामही चालतो. त्याच्याशी बोलायची वेळ आली की मात्र तो परका होतो. त्याच्या चुका आपण एकमेकांना सांगतो, आपल्या चुका त्याच्या अंगावर ढकलतो. भाड्याने फक्त जागेचा हिशेब मिटतो. माणूस गावचा व्हायला गावाचा भार त्याच्याही खांद्यावर यावा लागतो, इतरांइतकाच, कमी नाही आणि जास्तही नाही. मग त्याला तोंडावर बोलायचा हक्क गावाला मिळतो आणि उलट बोलायचा हक्क त्याला. आलेल्यानेही पैसे टाकून सुटका करून घेऊ नये, सभेत येऊन बसावं. आणि एकदा आत जागा मिळाली की दार लावून घ्यायची घाई करू नये. आपल्यामागून आणखी कुणीतरी येत असतंच.