बिनपडद्याचा कारभार

माणूस मुळात प्रामाणिक असतो, की त्याला प्रामाणिक ठेवावा लागतो? बँकेत तेवीस वर्षं काढूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बँकेत तो पडूच शकत नाही. मी केलेली नोंद दुसरा तपासतो, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या खिशांत असतात आणि या साऱ्यांच्या डोक्यावर लेखापरीक्षक बसलेला असतो. एवढ्या बंदोबस्तात वाल्या कोळीसुद्धा निमूटपणे रोकड जुळवून सहाच्या लोकलने घरी गेला असता. हा प्रश्न मला शेवटी घातला तो एका गिटारने, तीही जुनी, स्वस्तातली आणि बिनपडद्याची.

खुलासा करतो. आमच्या भाच्याला बेस गिटार हवी होती. साधी नव्हे, फ्रेटलेस.

"म्हणजे काय रे?"

"मामा, तिला पडदे नसतात."

साध्या गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांच्या मधे बोट कुठेही दाबा, सूर पट्टी ठरवते. बोट थोडं मागेपुढे झालं तरी पट्टी सांभाळून घेते. फ्रेटलेसला या पट्ट्याच नसतात. सतारीला पडदे आहेत आणि सरोदला नाहीत, तसाच हा प्रकार. सरोदियासारखी मींड घ्या, सूर लोण्यासारखा सरकतो. पण बोट केसभर हललं की तो घसरतो, आणि घसरला की दोष बोटाचा!

"पट्ट्या नाहीत म्हणजे माल कमी. मग किंमतही कमी हवी," मी माझं वाणिज्य सांगितलं. भाच्याने माझ्याकडे पाहिलं ते पदवीधराकडे पाहावं तसं पाहिलं नाही.

मग त्याने मला इतिहास ऐकवला. लिओ फेंडरने १९५१ साली पडदे असलेली विजेवरची बेस बाजारात आणली आणि तिचं नावच ठेवलं 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. त्याआधी माणसाएवढं उंच डबल बेस कवटाळून वादकांना अंदाजाने सूर शोधावा लागे. पडद्यांनी तो ताप मिटवला. पुढे दहाच वर्षांनी, १९६१ साली, लंडनच्या बिल वायमनने आठ पौंडांना एक जुनी बेस घेतली. तिचे पडदे खडखडत होते, म्हणून नवे बसवायच्या बेताने त्याने ते उपटले. वाजवून पाहतो तो आवाज असा गोड, की नवे पडदे बसवायचे राहूनच गेले! हाच वायमन पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेला. १९७० साली खुद्द फेंडर कंपनीने बिनपडद्याची 'प्रिसिजन' काढली. म्हणजे अचूकतेची हमी काढून घेतली आणि नाव तेच ठेवलं. आमच्या मुदतठेवींच्या जाहिराती लिहिणारा माणूस तिथेच शिकला असावा. आणि १९७६ साली जॅको पॅस्टोरियसची पहिली तबकडी आली, तेव्हा बिनपडद्याची बेस किती गाऊ शकते, ते जगाला कळलं.

नवं वाद्य परवडणारं नव्हतं. जुन्याचा शोध करता करता वसईचा एक पत्ता हाती लागला. भाच्याची साठवण साडेचार हजार. मी सोबत गेलो तो वडीलधारा म्हणून, म्हणजे घासाघीस करायला.

दार उघडलं एका सत्तरीच्या आंटीने. नवरा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, दोन वर्षांपूर्वी गेला. पलंगाखालून तिने गिटार काढली. भाच्याने मानेवरून बोट फिरवलं. पडदे नव्हते, त्यांच्या फटी मात्र कुणीतरी जीव लावून भरल्या होत्या, घासून गुळगुळीत केल्या होत्या. भाच्याचे डोळे चमकले. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"चार हजार द्या," आंटी म्हणाली. "खराब आहे, खोटं कशाला बोलू? चांगली होती. एक दिवस ह्यांनी बसून सगळ्या पट्ट्या उपटल्या. मी तेव्हाच ओळखलं, माणसाचं डोकं फिरलं."

इथे माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. करार कायदा, १८७२, कलम १७. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. एका व्यापाऱ्याला भाव बदलल्याची आतली बातमी असली, तरी ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही. घोड्यातली खोट ठाऊक असून विकणारा गप्प राहिला, तरी चालतं. मात्र घोडा घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगायला हवं. कायदा आमच्या बाजूने खणखणीत होता. प्रश्न एवढाच उरला होता, की ही आंटी आमची कोण?

भाचा मला बाहेर घेऊन आला. "मामा, मी वर्षभर खपून हे शिकलोय. त्याची काही किंमत नाही का?"

मुद्दा बिनतोड होता. ज्ञान फुकट वाटायचं, तर मिळवायचं कशाला? जुन्या बाजारात पारखी नजरेचीच तर कमाई असते. पण मला राहून राहून वाटत होतं, की आपण नुसती गिटार स्वस्तात नेत नाही आहोत. नवरा वेडा होता हा तिचा समजही तसाच मागे ठेवून जातो आहोत. तो समज दुरुस्त करू शकणारी माणसं त्या दारात पुन्हा कधी येणार?

भाचाच आत गेला आणि त्याने सांगितलं. वायमन, जॅको, भरलेल्या फटी, सगळं. मग चार स्वर वाजवून दाखवले. त्यातले दोन सुरात होते.

आंटी बराच वेळ बोलली नाही. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "म्हणजे माणूस शहाणा होता."

"होय आंटी."

"मग सहा हजार."

वरचे दीड हजार माझ्या खिशातून गेले. ही रक्कम कोणत्या खात्यात टाकावी, याचा मी लोकलमध्ये बसून विचार केला. खर्च म्हणवत नाही, देणगी म्हणावी तर पावती नाही. शेवटी 'नावलौकिक' या सदरात टाकली. हिला मात्र आकडा अजून चार हजारच ठाऊक आहे. तिथे करार कायदा लागू आहे.

गंमत बाजूला ठेवू. पडदे वाईट नव्हेत. लाखो हातांनी पैसे मोजायचे, तर पडदे हवेतच. सगळ्यांच्याच बोटांवर विसंबून कारभार चालत नाही. पण पडद्यांवर लागलेला सूर आपला म्हणून मिरवू नये, एवढंच. बँकेत मी रोज प्रामाणिक असतो, त्याचं श्रेय दोन किल्ल्यांचं. माझी स्वतःची परीक्षा भाजीवाली चुकून वीस रुपये जास्त परत देते तेव्हा असते. तिथे नियम नाही, तपासनीस नाही, पट्टी नाही. उघडी मान आणि आपलं बोट. सूर चुकला, तर तो आपल्याखेरीज कुणालाही ऐकू जात नाही. आणि आपल्याला ऐकू येतो की नाही, यावरच सगळं अवलंबून!