गैरहजर माणसाचा रोट

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई ही देवी बसते. त्यासाठी नैवेद्याच्या रोटाचे गहू काढतात. अनेक घरांत रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. मुलगा सुरतेला उधन्यात यंत्रमागावर असो, पुण्यात कंपनीत असो की कॅलिफोर्नियात, त्याच्या नावाची मूठ चुकत नाही. त्याला सुट्टी मिळाली तर तो सुरत-भुसावळ मार्गावरच्या खच्चून भरलेल्या गाडीने येतो. नाही आला, तरी त्याच्या नावाचे रोट होतातच, आणि ते बाहेरच्या कुणाला चालत नाहीत. घरच्यांनी, भाऊबंदांनीच संपवायचे. परगावी गेलेल्याचे घराविषयीचे कर्तव्य कशाने पुरे होते, हा प्रश्न आपण नेहमी आई आणि मुलगा यांच्यापुरता मांडतो. तो फोन करतो का, आईची विचारपूस करतो का, एवढेच पाहतो. रोटाच्या रीतीत मात्र तिसरा माणूस दिसतो. जो आला नाही, त्याच्या वाट्याचे कुणीतरी खाल्लेले असते. माझे म्हणणे असे, की दूर गेलेल्याचे खरे ऋण या तिसऱ्या माणसाचे आहे.

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात, आयर्लंडमधून लाखो माणसे अमेरिकेला गेली. आयर्लंडमधल्या अनेक गावांत निघण्याच्या आदल्या रात्री ‘अमेरिकन वेक’ होई. मयताजवळ रात्र जागवावी तशी जिवंत मुलासाठी रात्र जागवत, कारण तो परत दिसेल ही आशाच नसे. पुढे त्याची पत्रे येत, पैसे येत, धाकट्या भावंडाच्या बोटीचे भाडे येई. पण घराने त्याला निरोप देऊन टाकलेला असे. खानदेशाने नेमके उलटे केले: गेलेल्याला घरातच मोजले. हा मान आहे तसाच बोजाही आहे. ज्याचे नाव मोजले जाते, त्याच्यावर वाटाही येतो.

यावर सर्वांत भारी आक्षेप याच मातीतला आहे. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवले आणि त्याला 65 ओव्यांचे उत्तर आले, अशी परंपरा आहे. त्या उत्तराचा गाभा असा, की दोघांतले चैतन्य एकच, मग भेटायचे कुणी कुणाला? उलट प्रत्यक्ष भेटीने आधीच सिद्ध असलेली भेट विस्कटेल, अशी भीतीही त्यात आहे. हे खरे मानले तर अंतराची खंत हेच अज्ञान ठरते. पण परंपरा पत्रावर थांबली नाही. तिने चांगदेवांना आळंदीला नेले, ज्ञानदेवांची बहीण मुक्ताई हिचे शिष्य केले. विठ्ठल सर्वत्र आहे असे म्हणणारे वारकरी आजही मुक्ताईची पालखी कोथळी-मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी नेतात. नाते तुटत नाही, एवढी ग्वाही अद्वैत देते. रात्री उठून आईला पाणी कोण देणार, हे ते ठरवत नाही.

तो हिशोब गीतेच्या अंगाने नीट लागतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत विनोबा सांगतात, की बाहेरच्या कर्माला मनाच्या ओलाव्याची, म्हणजे विकर्माची, जोड हवी. नुसते कर्म कोरडे राहते. दूरच्या मुलाची अडचण याच्या उलट आहे. त्याच्या व्हिडिओ कॉलमध्ये मन असते, डोळ्यांत पाणीही असते. कर्म मात्र दुसऱ्याच्या हातचे असते. आईला घेऊन धुळ्याच्या दवाखान्यात केसपेपर काढायला रांगेत उभा राहतो तो गावातला भाऊ, आणि तिचे अंथरूण बदलते ती वहिनी.

पैशाचे काय, असे कुणी विचारील. पैसा खोटा नाही. कोरडवाहू शेतीच्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. आईबापांच्या निर्वाहासाठीच्या 2007 च्या कायद्यानेही कर्तव्य मुख्यतः रुपयांत मोजले आणि महिना 10,000 ची मर्यादा घातली. पण पैशाने औषध येते, जागरण येत नाही. दुसरा आक्षेप असा, की गावात राहिलेल्या भावाला शेत मिळाले, ती त्याची भरपाईच आहे. शेताची नोंद सातबाऱ्यावर होते, जागरणाची कुठेच होत नाही. शिवाय राहणे ही निवड होती, असेही नाही. पुष्कळदा एकाला शिकवले आणि दुसऱ्याला औताला जुंपले, एवढाच फरक असतो.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे. मूठ मोजली जाते ती पुरुषांची. मुलगी तर कायमची दूर जाते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येऊन चार दिवस झोका खेळते आणि परतते. तिच्या दूर राहण्याला कुणी कर्तव्यच्युती म्हटले नाही. मग मुलाच्या जाण्याचाच एवढा विचार कशाला? पण या आक्षेपाने माझे म्हणणे पक्केच होते. न आलेल्या मुलाचा वाटा उचलणारी वहिनी हीसुद्धा कुणाची तरी दूर गेलेली मुलगी आहे. तिचे आईबाप दुसऱ्या तालुक्यात म्हातारे होत आहेत, आणि इथली सेवा सोडून तिला तिकडे जाता येत नाही. दिराच्या अंतराची किंमत ती स्वतःच्या माहेरच्या अंतराने चुकवते.

म्हणून दूर असण्यात पाप नाही आणि रोजच्या फोनमध्ये पुण्यही नाही. आईशी बोलून झाल्यावर फोन वहिनीकडे द्यायला सांगावा आणि तिला विचारावे, ‘वहिनी, तुम्हाला माहेरी कधी जायचंय? मी तेव्हा रजा घेतो.’ सणाची रजा स्वतःच्या आनंदासाठी असते. ही रजा फेडीची. ती घेणाऱ्याने आपल्या वाट्याचा रोट स्वतः खाल्ला, असे म्हणता येईल.