बांधाची वरची बाजू

जोराचा पाऊस चालू असताना शेतातल्या ओघळीत एक रिकामी बाटली बुडवावी, बूच लावावं आणि घरी आणून खिडकीत ठेवावी. मी ठेवली होती. तासाभरात तळाशी खडे नि वाळू बसली, संध्याकाळपर्यंत त्यावर करडा थर जमला. सकाळी पाहिलं तर वरचं पाणी अजून चहासारखंच होतं. काळ्या रानातली सगळ्यांत बारीक, सगळ्यांत कसदार माती त्या चहात होती आणि ती काही खाली बसत नव्हती. स्थिर बाटलीत जी बसली नाही, ती वाहत्या पाण्यात कुठे थांबणार? आमच्या ओढ्यातून सीनेत, सीनेतून भीमेत, पुढे कृष्णेत. निघाली ती निघालीच.

सप्टेंबर २०२५ मध्ये करमाळा, माढा, मोहोळ, परंडा या तालुक्यांनी सीनेचं जे रूप पाहिलं, ते इथल्या म्हाताऱ्यांच्याही आठवणीत नव्हतं. पर्जन्यछायेतला मुलूख हा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत बोटी आल्या. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यांत एकच शब्द पुन:पुन्हा लिहिला गेला : ‘खरडून गेलेली जमीन’. सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात अशा जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं धरली होती. रक्कम थोडी की फार, हा वाद बाजूला ठेवू. नुसता हिशेब करून पाहू. एका हेक्टरवरचा एक इंच थर म्हणजे सुमारे २५० घनमीटर, वजनात तीनशे टनांच्या वर. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या ऐंशी-शंभर खेपा. आणि नदीकाठच्या रानांतून फुटा-दोन फुटांनी माती गेली होती. पडलेलं घर पुन्हा बांधता येतं. एवढी माती आणायची कुठून? तळ्यातल्या गाळातून, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातून आधीच वाहून आलेली.

पुराचा पंचनामा नदीपासून सुरू होतो, इथेच माझा आक्षेप आहे. नदीपर्यंत येईस्तोवर पुराचं निम्मं आयुष्य संपलेलं असतं. तो जन्मतो वर, आपल्याच बांधावर. आमच्या चुलत्यांना मी विचारलं, “तात्या, आपल्या वरच्या पट्टीतलं पाणी पूर्वी कुठनं जायचं?” ते म्हणाले, “जायचं कुठं? बांधाला अडायचं, सांडव्यावरनं निवांत उतरायचं. आता बांध हाय कुठं आडवायला?”

खरंच नाही. आजोबांच्या वेळी त्या बांधावरून बैलगाडी जायची. बोरी होत्या, हिवर होते, एक करंज होता. वाटण्या झाल्या, दोन्ही अंगांनी नांगर दरसाल वीतभर आत शिरला, आणि एका सरीच्या लोभापायी बांधाची मेंढ उरली. यात भावकीतल्या दुसऱ्यांचा जेवढा हात, तेवढाच आमचाही आहे. करंज आम्हीच तोडला, सावलीत सोयाबीन येत नाही म्हणून. बांध कोरल्याच्या फिर्यादी दोन्ही बाजूंनी झाल्या, तारखा पडल्या, पण ज्यावर भांडतो ती वस्तूच संपत चालली आहे, हे कुणाच्या अर्जात आलं नाही. पलीकडची ओघळ कुणीतरी जेसीबीने सपाट केली. कागदावर शेत वाढलं. पाण्याला मात्र कागद वाचता येत नाही.

बांधबंदिस्ती ही काही काल सुचलेली गोष्ट नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगितलं होतं, की ताली-बंधारे असे घालावेत की पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला मिळेल, आणि हे काम पलटणीतल्या रिकाम्या शिपायांकडून करून घ्यावं. सरकारने १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा केला. १९७२च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, नालाबांध घातले, समपातळीचे बांध टाकले. या बांधांतले कितीतरी पुढे शेतकऱ्यांनीच फोडले. तेव्हा त्यांना अडाणी म्हटलं गेलं. मला वाटतं, भारी काळ्या रानात तरी त्यांचं बरोबर होतं. ही माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस भेगांतून पोटात घेते, मग फुगते, भेगा मिटतात आणि तिची तहान जवळजवळ संपते. बांधाच्या वर पाणी तुंबलं की वाफसा येत नाही, पीक पिवळं पडतं. बांधातच भेग राहिली असली तर तिथूनच तो फुटतो आणि साठलेलं सगळं पाणी एकदम खाली सुटतं. मुरमाड, हलक्या रानात जो बांध राखण करतो, तोच काळ्या रानात दावा साधतो. काळ्या रानाला रुंद सरी-वरंबा हवा, गवताने बांधलेला सांडवा हवा, पाण्याला हळूच वाट करून देणारा उतार हवा. सरकारी आराखड्यातली रेघ समपातळी पाहते; तिला मातीची जात दिसत नाही, धुऱ्याची हद्दही दिसत नाही.

माथा ते पायथा, हा पाणलोटाच्या कामाचा क्रम सगळ्यांना पाठ आहे. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत १९९०च्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमात तो खरोखर पाळला गेला : आधी माळावरचे चर, मग शेतातली बांधबंदिस्ती, शेवटी नाला. आज ते द्राक्षांचं गाव म्हणून ओळखलं जातं. इतर ठिकाणी बहुतेक काम उलटं, पायथ्याकडूनच सुरू होतं, कारण यंत्र तिथे सहज पोचतं. नाला खोल केला की महिन्यात पाणी दिसतं, फोटो निघतो. माळावरच्या चराचं दुर्दैव असं, की तो यशस्वी झाला की मातीने भरतो आणि दिसेनासा होतो. दिसत नाही त्याचं उद्घाटन कसं करणार? शिवाय खरवडून सरळ केलेला नाला पाणी थांबवत नाही, पुढच्या गावाकडे लवकर पोचवतो.

तरी भाबडेपणा नको. सप्टेंबरअखेर जमीन तुडुंब असते. वरून एका रात्रीत ढग रिता झाला तर कोणताही चर, कोणताही बांध तो पाऊस पोटात घेणार नाही, पूर येणारच. बांधाचं काम तेव्हा वेगळं असतं. शंभर शेतांचं पाणी एकाच घटकेला ओढ्यात पडू न देता ते मागेपुढे पाठवायचं, आणि पाठवताना माती काढून ठेवायची. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची माती उचलून नेण्याची ताकद दुपटीने नाही, कितीतरी पटींनी वाढते. सगळा खेळ त्या वेगाचा आहे. आपण मात्र धरणातलं पाणी टीएमसीत मोजतो, पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो. गावातून किती माती गेली, हे कुठल्या चावडीवर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

पुरानंतर तात्यांबरोबर वरच्या टोकाला गेलो. तिथे मुरमाड रानात एक जुनी दगडी ताल आहे, कुणी रचली ते माहीत नाही. ट्रॅक्टर वळत नाही म्हणून ती वाचली. खालच्या बाजूला उभा राहिलो तर तालीचा माथा छातीला लागत होता; वरच्या बाजूला गेलो तर तोच पायाशी, जमिनीला लागून. तेवढी माती तिने आजवर धरून ठेवली होती. यंदा मधलेच चार दगड निसटले होते आणि त्या खिंडारातून हातभर घळ पडली होती. तात्या खाली बसले, मोठा दगड लोटत आणला, बसेना तेव्हा फिरवून पाहिला. “ह्येचं तोंड उतराकडं नगं,” ते म्हणाले आणि मला बारक्या चिपा गोळा करायला पाठवलं.